पेरणीपासून जात्यापर्यंत : बहिणाबाईंची कामाची कविता

(कुर्ला येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१९०७ साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने ते लष्करी डॉक्टर, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हौसेने कवी. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथाशी त्यांचे नाव आजही जोडलेले आहे. त्या संमेलनात खानदेशातल्याच एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली. डॉ. कीर्तिकरांनी त्याला तिथेच ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव मागे पडले आणि मराठीला तिचा निसर्गकवी मिळाला.

संमेलन चालू होते तेव्हा त्याच गावात चौधरींच्या वाड्यात सत्तावीस वर्षांची एक सून नांदत होती. सकाळी अंधारात उठून दळायचे, चूल पेटवायची, भाकरी बांधून शेतावर जायचे, संध्याकाळी परतून पुन्हा चुलीपुढे बसायचे, असा तिचा दिवस. अक्षरओळख नव्हती. पण ती गाणी रचत होती. संमेलनाच्या मांडवात तिला कोणी बोलावले नाही, बोलावण्यासारखी ती कवी आहे हे कोणाला माहीतच नव्हते. झाडापाल्याचा एवढा मोठा जाणकार अध्यक्षस्थानी बसला होता, आणि कोणते तण कधी उपटायचे, कोणत्या वाऱ्याला दाणा उडवायचा हे अंगाने जाणणारी कवयित्री चार गल्ल्या पलीकडे राबत होती. मराठी कवितेच्या इतिहासात ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत असे मला फार दिवस वाटते. आज तेच करायचे आहे.

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा. जळगावजवळचे आसोदे हे त्यांचे माहेर, महाजनांचे घर. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झाले. तिशीत त्यांना वैधव्य आले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले. घरात वाटण्या झाल्या, दिवस ओढगस्तीचे आले. प्लेगाच्या साथीने ओंकारला कायमचे अपंग केले. या सगळ्यात हाताने काम आणि तोंडाने गाणे चालूच होते. धाकटे सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. त्यांनी आणि घरातल्याच पितांबर चौधरींनी आईची काही गाणी कागदावर उतरवून घेतली, म्हणून आपल्याला ती मिळाली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. आपल्या नावाचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांची गाणी घराघरांत गेली. शाळेच्या पुस्तकांत आली. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांच्या नावाने पदव्या दिल्या जातात, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

तरीही या गौरवात एक गोष्ट हातातून निसटली आहे. आपण बहिणाबाईंबद्दल बोलायला लागलो की पहिले वाक्य ठरलेले असते : अडाणी असूनही किती मोठे तत्त्वज्ञान सांगितले! मग मनावरची कविता, संसारावरची कविता, त्यातल्या दोन दोन ओळी भिंतीवर, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर. अत्र्यांची प्रस्तावना उदार मनाची आहे, त्यांच्याएवढ्या मोठ्या आवाजात कोणी हाक दिली नसती तर ही गाणी कदाचित खानदेशातच राहिली असती. पण त्या हाकेतला अचंबा आपण पिढ्यानपिढ्या जसाच्या तसा पुढे देत राहिलो. अचंब्याने माणूस मोठा होतो खरा, पण त्याच्या कामाकडे बारकाईने पाहण्याची गरज उरत नाही. देवाची देणगी म्हटले की कारागिरी कोण तपासणार?

माझे म्हणणे असे आहे की बहिणाबाई मुळात कामाच्या कवयित्री आहेत. काम कसे होते, कोणत्या क्रमाने होते, त्यात हात काय करतो आणि ऋतू काय करतो, हे त्यांच्या कवितेचे खरे द्रव्य आहे. सुविचार त्यातून निघतात ते नंतर, भाकरी झाल्यावर पापुद्रा सुटावा तसे. ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ आणि ‘घरोट’ या त्यांच्या कविता घ्या. आपण त्या सुट्या सुट्या वाचतो. पण या क्रमाने लावून वाचल्या तर ती एका धान्याच्या दाण्याची, शेतापासून जात्यापर्यंतची, एकच दीर्घ कविता होते. बियाणे मातीत जाते, पीक विळ्याखाली येते, खळ्यात बैलांच्या पायांखाली रगडले जाते, वाऱ्यावर उडवले जाते आणि शेवटी दगडाच्या दोन तळ्यांमध्ये येते. बहिणाबाईंनी ती तशी मुद्दाम योजली होती असे मी म्हणणार नाही. त्यांचे वर्षच त्या क्रमाने जात होते.

यातल्या उपणणीपाशी मी जरा थांबणार आहे, कारण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ती पाहिलेली नसेल. मळणी झाली की खळ्यात दाणा आणि भुसा एकत्र पडलेला असतो. बैलांचे काम संपलेले असते, माणसे तयार असतात, पण वारा नसेल तर काही म्हणजे काही होत नाही. वारा सुटला की एक जण उंचावर उभा राहतो, दुसरा खालून पाटी भरून देतो. हात डोक्याच्या वर न्यायचे आणि पाटी हलके हलके तिरपी करायची. एकदम ओतली तर भुसा दाण्यासकट खाली येतो. फार सावकाश ओतली तर दिवस मावळतो आणि रास तशीच राहते. वारा मंद असेल तर भुसा पायाशीच पडतो, जोराचा असेल तर हलका दाणा भुशाबरोबर उडून जातो आणि मग तो पुन्हा गोळा करून पुन्हा उपणायचा. मनगट सारखे वाऱ्याच्या बोलीने चालावे लागते. डोळ्यांत, नाकात, मानेवर कूस जाते, खाज सुटते. आणि हे सगळे कशावर अवलंबून, तर जो दिसत नाही, ज्याला मजुरी देऊन आणता येत नाही, अशा वाऱ्यावर.

आता बहिणाबाई या कामावर कविता करतात तेव्हा काय करतात? त्या वाऱ्याचे वर्णन करत नाहीत. त्या वाऱ्याला हाक मारतात, त्याचे आर्जव करतात. कामावर यायला उशीर झालेल्या घरच्या माणसाशी बोलावे तसे त्या वाऱ्याशी बोलतात. वर्षाचे धान्य खळ्यात पडले आहे आणि एकाची वाट पाहत सगळे खोळंबले आहेत, ही घालमेल त्या हाकेत आहे. निसर्गकविता म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, ऊन-पाऊस, संध्याकाळचे ढग येतात. बहिणाबाईंचा वारा कामाला आलेला आहे.

पूर्वी मी कुर्ल्यातल्या एका रात्रशाळेत मराठी शिकवत होते. दिवसा कारखान्यात, दुकानात, घरकामाला जाणारी मंडळी संध्याकाळी वर्गात यायची. एकदा ही कविता वाचत असताना मागच्या बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटे जराशी पसरून मनगटे वळवली. पाटी नव्हती, धान्य नव्हते. ‘अशी वळवायची, बाई. अशी नाही,’ असे म्हणून तिने शेजारच्या पोराचे मनगट धरून त्याला दाखवले. पोर मुंबईत जन्मलेले, त्याला हसू आवरेना, पण त्याने हात वर ठेवले. वर्गातले आणखी दोघे-तिघे उठले. एकाच्या गावाकडे नाचणी होती, एकाच्या गावाकडे भात. ज्याच्या त्याच्या धान्याप्रमाणे हात वेगळे होत होते. कविता समजली की नाही असा प्रश्न त्या दिवशी मला विचारावा लागला नाही.

आता जात्याकडे येऊ. बहिणाबाईंच्या गाण्यांचा साचा ओवीचा आहे. बहुतेक चरण आठ अक्षरांच्या आसपासचे. हा साचा त्यांनी शोधला नाही, तो आयाबायांकडून आला. पण तो जात्यावर का टिकला हे पाहण्यासारखे आहे. खुंटा धरून दगड ओढायचा, तो समोर गेला की अंग पुढे झुकते, परत आला की मागे येते. एक हात फिरवतो, दुसरा मूठभर दाणे तोंडात घालतो. श्वास याच फेऱ्याला बांधला जातो. त्या श्वासात जेवढे मावेल तेवढा चरण. चरण लांबला तर दम लागतो, आखूड झाला तर फेरा रिकामा जातो. म्हणजे इथे छंदाचे माप शरीर ठरवते. दळण पायलीभर असेल तर गाणेही तेवढे लांबवावे लागते, म्हणून ओवीला ओवी जोडत जाण्याची सोय. आणि लिहून ठेवायची सोय नसल्यामुळे उद्या आठवावे अशी बांधणी आजच करावी लागते : शेवटी नेमके यमक, आरंभी पुन्हा पुन्हा येणारी हाक, एका कडव्यात प्रश्न आणि पुढच्यात उत्तर. बहिणाबाईंच्या कवितेत हे सगळे इतके पक्के आहे की एक कडवे आठवले की पुढचे आपोआप येते. याला सहज म्हणू नका. सुताराचा सांधा बसलेला दिसतो तेव्हा तो सहज बसलेला नसतो.

भाषेबद्दल थोडे. ही गाणी अहिराणीत आहेत असे सर्रास सांगितले जाते. जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या लेवा समाजाची ती बोली आहे, असे म्हणणे जास्त बरोबर. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ला’ऐवजी ‘ले’ लागतो. पहिल्या पानावर अडखळायला होते. मोठ्याने वाचले की तिसऱ्या पानापर्यंत कान सरावतो. माझी विनंती आहे की ही गाणी कोणीही प्रमाण मराठीत ‘सोपी’ करून मुलांपुढे ठेवू नयेत. मुले अडखळतील आणि पुढे जातील.

मघाशी बालकवींचे नाव घेतले, त्यांच्याकडे परत येते. दोघे एकाच जिल्ह्यातले, वयात दहा वर्षांचे अंतर. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. भादली आसोद्यापासून फार दूर नाही. एकाच मातीवर, एकाच आकाशाखाली हे दोघे जगले. बालकवी निसर्गापुढे उभे राहिले की जग विसरतात. त्यांचा झरा, त्यांची फुले, त्यांची संध्याकाळ यांना माणसाकडून काही नको असते, आणि त्या निरपेक्षतेतच त्यांचे सौंदर्य आहे. पुढे त्यांच्या कवितेवर जी उदासी उतरते तीही त्या एकटेपणातूनच. बहिणाबाई निसर्गापुढे कधी एकट्या आणि रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या दिसत नाहीत. हातात विळा असतो, डोक्यावर पाटी असते, मागे बैल असतो, कडेवर किंवा झोळीत मूल असते. मला दोन्ही कवी हवे आहेत. पण मराठी समीक्षेने निसर्गकविता म्हणून पहिलीलाच मान दिला आणि दुसरीला लोकगीताच्या कोपऱ्यात बसवले, हे मला मान्य नाही.

सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्याकडे या नजरेने पाहा. सुगरण पक्षी गवताच्या, उसाच्या पात्याला चोचीने चीर पाडून लांबच लांब धागा काढतो. तो फांदीच्या टोकाला गुंडाळतो, गाठ मारतो, मग पुढचा धागा आधीच्या धाग्यात ओवतो. असे शेकडो धागे, प्रत्येकासाठी वेगळी फेरी. खोपा बहुतेक काटेरी झाडाला, विहिरीवर किंवा पाण्यावर लोंबता, म्हणजे साप आणि इतर शत्रू सहजी पोचू नयेत. दार खालच्या बाजूने, नळीसारखे. आत ओल्या मातीचे लिंपण. पक्षीनिरीक्षक सांगतात की हे विणकाम नर करतो. अर्धा खोपा तयार झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तर तिथे संसार मांडते आणि मग नर तो पुरा करतो. बहिणाबाईंनी, आणि त्यांच्या आधी आपल्या सगळ्या लोकपरंपरेने, हे श्रेय मादीला दिले. कवितेचे त्याने काही उणे होत नाही. त्यांनी पाहिले ते काम आणि त्या कामामागची पिलांची ओढ. आणि शेवटी त्या माणसाला जे विचारतात ते एका कामकऱ्याने दुसऱ्या कामकऱ्याच्या वतीने विचारलेले आहे : तिच्याजवळ एवढीशी चोच, तुझ्याजवळ तर दोन हात आणि दहा बोटे. ज्या बाईने आयुष्यभर ती दहा बोटे शेणात, मातीत, पिठात, कापसात वापरली तिलाच असे विचारण्याचा अधिकार.

कापसाचे नाव निघालेच आहे. इथे कुर्ल्यात बसून खानदेशच्या कापसाविषयी बोलताना मला परक्या ठिकाणी बोलते आहे असे वाटत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच बाजूने. १८६० च्या दशकात तोच रूळ घाट ओलांडून खानदेशात पोचला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसासाठी वाटेल ते मोजत होत्या. खानदेशचे रान पांढरे झाले, जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. बहिणाबाई जन्मल्या त्या या कापूस पिकवणाऱ्या मुलखात. वेचणी हे बायकांचे काम. बोंडातून कापूस ओढताना सुकलेल्या पाकळ्यांची टोके बोटांना टोचतात, नखाशेजारची कातडी फाटते. ओटी भरली की झाडाखाली रिकामी करायची आणि पुन्हा ओळीत शिरायचे. कापूस जिनात जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि आगगाडीत चढतात.

त्या गाठी मुंबईत येत. आणि १८८६ साली जमशेटजी टाटांनी आपल्या या कुर्ल्यातली धरमसी मिल विकत घेऊन तिला स्वदेशी मिल असे नाव दिले. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी. टाटांना तिथे बारीक सूत काढायचे होते आणि इथला आखूड धाग्याचा कापूस त्याला पुरा पडत नव्हता. म्हणून त्यांनी लांब धाग्याचा इजिप्शियन कापूस हिंदुस्थानात पिकवण्याचा ध्यास घेतला, त्यावर पुस्तिका लिहिली. म्हणजे शेतात कोणते बी पडावे याचा विचार कुर्ल्यातल्या एका गिरणीमुळे होत होता. आसोद्यातल्या शेतकऱ्याला कुर्ला माहीत नसेल, कुर्ल्यातल्या कामगाराला आसोदे माहीत नसेल, पण दोघांच्या बोटांमधून एकच धागा जात होता.

स्वदेशीचा भोंगा ऐकलेली माणसे या सभागृहात आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप आठवणारी घरे या भागात गल्लोगल्ली आहेत. गिरणी शेवटी २००० च्या सुमारास बंद पडली. या कामगारांचे मोठे कवी नारायण सुर्वे. गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार जोडप्याने त्यांना वाढवले. १९६२ चा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ चा ‘माझे विद्यापीठ’ या संग्रहांनी मराठी कवितेत शहराचा कामकरी माणूस स्वतःच्या तोंडाने बोलता केला. सुर्व्यांच्या कष्टाला पगार आहे, पाळी आहे, मालक आहे, मोर्चा आहे, झेंडा आहे. बहिणाबाईंच्या कष्टाला यातले काहीच नाही. तिथे भोंगा होत नाही आणि पाळी सुटत नाही. दळण, सारवण, पाणी, चूल, शेत, जनावरे, आणि या सगळ्याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. सुर्व्यांची कविता विचारते, माझ्या कष्टाचे मोल कोणी नेले? बहिणाबाईंच्या कवितेत हा प्रश्न असा उभा राहत नाही, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या कवितेत दैव आहे, देव आहे, सोसणे आहे. पण ज्या कामाला काम म्हणून कोणी मोजत नव्हते, ते काम तपशिलाने, क्रमाने, अभिमानाने कवितेत मांडणे हीसुद्धा एक मोजणी आहे. त्यांनी ती केली. आज घरकामाचे मोल या विषयावर परिसंवाद होतात, त्यांत पहिला पुरावा म्हणून ‘घरोट’ ठेवायला मी तयार आहे.

सोसण्याबद्दलही थोडे सावध राहू या. वैधव्यावरच्या त्यांच्या कवितेत कल्पना अशी आहे की नशिबाची रेघ कुंकवाखाली लपलेली होती, कुंकू पुसले तेव्हा ती उघडी पडली. त्या काळातल्या विधवेच्या कपाळाकडे इतक्या जवळून आणि इतक्या कोरड्या डोळ्यांनी कोणी पाहिले होते? आणि तीच बाई पुढे ज्योतिष्याला दाराशी उभे करत नाही. माझे भविष्य मला कळले, तू सांगू नकोस, असे सांगून परत पाठवते. याला नुसते सोसणे म्हणता येणार नाही. तसेच योगी आणि सासुरवाशिणीच्या संवादाचे. योगी विचारतो, माहेरचे एवढे गोडवे गातेस तर सासरी आलीस कशाला? तिचे उत्तर असे की माझ्या लेकीला माहेर मिळावे म्हणून मी सासरी नांदते. पोथी वाचलेल्या माणसाला जात्यावरच्या बाईने दिलेले हे उत्तर आहे. मी ते अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी योग्याची कीव येते.

त्यांची माणसेही अशीच, दारावरून जाणारी. वैदू, गोसावी, सोंगे घेऊन येणारा बहुरूपी. गावात छापखाना आला तर त्यावरही कविता. लिहिता-वाचता न येणारी बाई छापखाना पाहायला जाते आणि म्हणते की कोरा कागद छापून शहाणा होतो, माणूस मात्र तसाच राहतो. आणि ‘पिलोक’. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे पळाली, रेल्वेच्या वाटांनी साथ देशभर पसरली. गाठी घेऊन मुंबईकडे आलेल्या गाड्या परत जाताना हे घेऊन गेल्या. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहणारी माणसे, ओस पडलेले घर, हे बहिणाबाईंनी पाहिले. त्यांच्या घरात त्याची खूण कायमची राहिली. २०२० साली आपल्या कुर्ल्यातून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली तेव्हा मला पुन्हा पुन्हा ती कविता उघडावीशी वाटली.

आता ज्याची मला सर्वांत जास्त टोचणी आहे त्याबद्दल. बहिणाबाईंनी रचलेले सगळे आपल्याजवळ नाही. जे घरातल्या कोणी लिहून घेतले तेवढेच उरले. मुलगा कवी निघाला म्हणून बहिणाबाई उरल्या. ज्या बायांची मुले कवी नव्हती त्यांचे काय झाले? खानदेशातच, अमळनेरला, साने गुरुजींनी शिक्षकी केली आणि बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बायकांची नावे-गावे नोंदवली. एक लाख! त्या वाचताना कळते की बहिणाबाई आभाळातून पडलेल्या नाहीत. त्या एका प्रचंड गाणाऱ्या समाजातला सर्वांत तेज आवाज आहेत. असे म्हटल्याने त्या लहान होत नाहीत. डोंगररांग असते म्हणून शिखर असते.

जाती गेली. गिरणी आली, पिठाची चक्की आली, आणि पहाटेचे दोन तास वाचले म्हणून बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यात काही चूक नाही. जात्याबद्दल हळवे होण्याचा हक्क फक्त ज्यांनी ते ओढले त्यांना. पण कुर्ल्यातल्या बायका आजही कामे करतात. नेहरूनगर, चुनाभट्टी, कसाईवाडा, ठक्कर बाप्पा वसाहत, कुठेही जा. दारात बसून कुणी चामड्याला शिवण घालते, कुणी कपड्याला बटणे लावते, कुणी मणी ओवते, कुणी भाजी निवडून विकायला बसते. त्या तेव्हा गप्प नसतात. मराठी, उर्दू, भोजपुरी, तमिळ, त्यांच्या त्यांच्या बोलीत काहीतरी चालू असते. त्यात कविता आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण कोणी ऐकून ठेवलेले नाही. या व्याख्यानमालेच्या तरुण कार्यकर्त्यांना माझे एकच मागणे आहे. पुढच्या वर्षी व्याख्याता ठरवण्याआधी दोन-तीन वस्त्यांत जाऊन कामाच्या जागी बसा, परवानगी घेऊन ऐका, आणि बोलीला हात न लावता उतरवून घ्या. सांगणारीचे नाव तिने सांगितले तर लिहा.

माझे बोलणे इथे थांबवते, कारण आता ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या कविता वाचल्या जाणार आहेत. वाचणाऱ्या पाच जणी याच परिसरातल्या आहेत, त्यांतल्या दोघी खानदेशातून इथे नांदायला आलेल्या. क्रम आपण बोललो तोच ठेवला आहे : ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ आणि ‘घरोट’. मध्ये निवेदन नाही, टाळ्यांसाठी थांबणेही नाही. एक संपली की दुसरी उठेल.